खेड्यांतील शाळागृहांचीं संग्रहालयें

श्रोतेहो, संग्रहालय हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजवाड्यांतील सिंहासनें, जुनीं शस्त्रें, नाणीं आणि शिल्पें उभीं राहतात. जी वस्तु मोलाची ती जपावी, असा आपला सर्वसाधारण समज असतो, आणि मोल म्हणजे बहुधा सोन्याचें, कारागिरीचें किंवा पराक्रमाचें मोल. परंतु गेल्या कांहीं दशकांत एका निराळ्याच प्रकारचीं संग्रहालयें अनेक देशांत उदयास आलीं आहेत. असें संग्रहालय एखाद्या खेड्याच्या कडेला, रस्त्यापासून थोडें आंत, झाडांच्या सावलींत उभें असतें. त्याला दोन नाहीं तर तीन खोल्या. आंत एक फळा, कांहीं बांक, एक लोखंडी शेगडी आणि भिंतीवर मुलांचीं जुनीं छायाचित्रें, एवढाच काय तो ऐवज. एके काळीं ती त्या गांवची प्राथमिक शाळा होती. अशा साध्या इमारतींत जपण्याजोगें काय असतें, ती जपावी कशी, आणि जपल्यावर तिनें पाहणाऱ्याला काय सांगावें, या तीन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

हे प्रश्न मोघमपणें सोडविण्यापेक्षां एक प्रत्यक्ष उदाहरण घेतलेलें बरें. तें उदाहरण अमेरिकेच्या दक्षिण भागांतील ‘रोझेन्वाल्ड शाळां’चें आहे. इतक्या दूरचें उदाहरण कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं गुलामांच्या मुक्ततेसाठीं झीज सोसली त्यांना अर्पण केलें. ज्यांच्या मुक्ततेचें जोतीरावांना इतकें अगत्य वाटलें, त्या लोकांनीं मुक्त झाल्यावर आपल्या मुलांसाठीं शाळा कशा उभारल्या, ही हकीकत महाराष्ट्राला परकी वाटूं नये.

अमेरिकेंत १८६५ सालीं राज्यघटनेंत दुरुस्ती होऊन गुलामगिरी नष्ट झाली. गुलामगिरीच्या काळांत दक्षिणेंतील बहुतेक राज्यांत गुलामाला अक्षरओळख करून देणें हाच गुन्हा होता. तेव्हां बेड्या तुटतांच या लोकांना जी पहिली भूक लागली ती अक्षरांची. परंतु कायद्यानें दिलेलें स्वातंत्र्य व्यवहारांत फार दिवस टिकलें नाहीं. १८९६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ‘सोय समान असेल तर ती वेगळी असण्यास हरकत नाहीं’ असा निर्णय दिला. वेगळेपणा काटेकोरपणें पाळला गेला. समानतेकडे मात्र कोणी पाहिलें नाहीं. गोऱ्या मुलांसाठीं पक्क्या शाळा, आणि कृष्णवर्णीय मुलांसाठीं एखाद्या देवळाची पडवी, पडकें खोपट किंवा धान्याची रिकामी कोठी, असा प्रकार सर्रास चालत असे. शाळा चाले तीही कापसाच्या हंगामाच्या मधल्या चार-पांच महिन्यांत.

या स्थितींत दोन माणसें एकत्र आलीं. एक बुकर टी. वॉशिंग्टन. हे स्वतः गुलामगिरींत जन्मले होते आणि १८८१ पासून अलाबामा राज्यांत टस्कीगी येथील प्रसिद्ध शिक्षणसंस्था चालवीत होते. दुसरे ज्युलिअस रोझेन्वाल्ड. हे शिकागो येथील सीअर्स रोबक या पेढीचे प्रमुख. ही पेढी किंमतींची यादी घरोघर पाठवून टपालानें माल पुरवी. रोझेन्वाल्ड हे ज्यू कुटुंबांतले. त्यांचे वडील जर्मनींतून आलेले. १९११ सालीं दोघांची गांठ पडली. पुढच्याच वर्षीं, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशीं, रोझेन्वाल्ड यांनीं टस्कीगीच्या द्वारें वांटण्यासाठीं पंचवीस हजार डॉलर दिले. त्यांतून कांहीं रक्कम उरली. ती टस्कीगीच्या आसपासच्या खेड्यांत लहान लहान शाळा बांधण्याकडे लावावी, अशी वॉशिंग्टन यांनीं परवानगी मागितली, आणि प्रथम सहा शाळा बांधावयाचें ठरलें.

त्यांतली पहिली शाळा १९१३ सालीं अलाबामांतील लोचापोका या गांवीं पुरी झाली. तिचा जमाखर्च उपलब्ध आहे, आणि तो मुद्दाम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. एकूण खर्च ९४२ डॉलर ५० सेन्ट. पैकीं रोझेन्वाल्ड यांचे ३०० डॉलर. गांवांतील गोऱ्या लोकांनीं दिलेले ३६० डॉलर. कृष्णवर्णीय गांवकऱ्यांनीं जागेसाठीं जमविलेले १५० डॉलर. आणि त्यांनींच अंगमेहनतीनें केलेल्या कामाची किंमत १३२ डॉलर ५० सेन्ट. या चार रकमांत या संपूर्ण चळवळीचें तत्त्व सामावलेलें आहे. रोझेन्वाल्ड यांची अट अशी कीं, मी सर्व रक्कम देणार नाहीं. गांवानें आपला वांटा उचलला पाहिजे आणि सरकारनेंही आपली जबाबदारी मान्य केली पाहिजे.

१९१५ सालीं वॉशिंग्टन वारले. १९१७ सालीं रोझेन्वाल्ड यांनीं या कामासाठीं स्वतंत्र निधि स्थापला, आणि १९३२ पर्यंत काम चालू राहिलें. त्याच वर्षीं रोझेन्वाल्ड यांचेंही निधन झालें. तोंपर्यंत पंधरा राज्यांत ४,९७७ शाळा, शिक्षकांसाठीं २१७ घरें आणि १६३ कार्यशाळा, मिळून ५,३५७ इमारती उभ्या राहिल्या होत्या. एकूण खर्च दोन कोटी चौऱ्यांशीं लाख डॉलरांवर गेला. त्यांतील मोठा भाग, म्हणजे एक कोटी एक्यांशीं लाख डॉलर, सरकारी करांतून आला. रोझेन्वाल्ड निधीचे सुमारें त्रेचाळीस लाख चौसष्ट हजार. गोऱ्या देणगीदारांचे बारा लाखांच्या आसपास. आणि कृष्णवर्णीय गांवकऱ्यांनीं दिलेले सत्तेचाळीस लाख पंचवीस हजारांवर. श्रोतेहो, हे शेवटचे दोन-तीन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. शाळांना नांव पडलें तें रोझेन्वाल्ड यांचें. परंतु त्या धनाढ्य गृहस्थापेक्षां अधिक रक्कम त्या गरीब शेतकऱ्यांनींच घातली होती.

ते शेतकरी होते तरी कसे? त्यांच्यांपैकीं पुष्कळजण दुसऱ्याची जमीन अर्धेलीनें करणारे, वर्षअखेर हातीं कांहीं न उरणारे. कोणीं शेताचा एक तुकडा शाळेच्या नांवानें राखून त्यावरचा कापूस शाळेला दिला. बायकांनीं कोंबड्या विकल्या, घरीं केलेले खाद्यपदार्थ विकले. कोणीं लांकूड तोडून दिलें, कोणीं तें वाहून आणलें. आणि हे सर्व करीत असतां ते सरकारी करही भरीतच होते. त्या करांतील पैसा मुख्यतः गोऱ्यांच्या शाळांकडे जाई. म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठीं त्यांना कर दोनदां द्यावा लागला, एकदां कायद्यानें आणि एकदां आपखुशीनें.

आतां इमारतीकडे वळूं. या शाळा वरून अगदीं साध्या दिसतात, पण त्यांच्यामागें मोठा विचार आहे. आरंभींचे नकाशे टस्कीगी येथें तयार झाले. त्या कामांत रॉबर्ट टेलर हे प्रमुख होते. मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रविद्यालयांतून १८९२ सालीं पदवी मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. पुढें १९२० सालीं हें काम नॅशव्हिल शहरीं हलविण्यांत आलें आणि तेथील कार्यालयानें एका शिक्षकाच्या शाळेपासून सात शिक्षकांच्या शाळेपर्यंत नमुने छापून गांवोगांव फुकट पाठविले. त्या काळीं खेड्यांत वीज नव्हती. म्हणून सर्व भर सूर्यप्रकाशावर. उंच खिडक्यांची एक सलग रांग वर्गाच्या एका बाजूला असे, आणि ती पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडेच उघडावी असा दंडक होता. पण प्रत्येक गांवांतील रस्ता निराळ्या दिशेनें जाणार. यासाठीं एकाच शाळेचे दोन नकाशे काढलेले असत. एक उत्तर-दक्षिण तोंडाच्या इमारतीसाठीं, दुसरा पूर्व-पश्चिम तोंडाच्या. दार कोणीकडेही असो, खिडक्यांची दिशा चुकतां कामा नये. बांक अशा रीतीनें मांडावयाचे कीं उजेड मुलाच्या डाव्या हाताकडून यावा, म्हणजे लिहितांना उजव्या हाताची सावली कागदावर पडत नाहीं. भिंतींचा वरचा भाग उजळ रंगाचा, खालचा गडद. जमिनीपासून इमारत ठेंगण्या खांबांवर उचललेली, म्हणजे खालून वारा खेळावा आणि लांकूड कुजूं नये. दोन वर्गांच्या मध्यें सरकतें तावदान. तें बाजूला केलें कीं दोहोंचें मिळून एक सभागृह होई, आणि तेथें गांवची सभा, भजन, नाटक, सर्व कांहीं चाले. शाळेसाठीं निदान दोन एकर जागा पाहिजे, अशीही अट होती. कारण मुलांना खेळावयास मैदान हवें आणि बागाईत शिकावयास जमीन हवी.

या शाळांतून बाहेर पडलेल्या मुलांत पुढें लोकप्रतिनिधि आणि समतेच्या लढ्याचे पुढारी झालेले जॉन लुइस होते, कवयित्री माया अँजेलो होत्या. आणि नांव न राहिलेले लक्षावधि होते. निधि बंद झाला त्या सुमारास दक्षिणेंतील कृष्णवर्णीय मुलांपैकीं एकतृतीयांश मुलें याच शाळांत शिकत होतीं.

मग या शाळा गेल्या कोठें? १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आपलाच जुना निर्णय फिरविला आणि वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवणें बेकायदा ठरविलें. न्यायाचा हा विजयच होता. पण त्या विजयानेंच पुढील पंधरा-वीस वर्षांत या शाळांना कुलुपें लागलीं. मुलें मोठ्या, एकत्रित शाळांकडे गेलीं; हजारों कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. शिवाय निधीच्या नियमाप्रमाणें जागा आणि इमारत सरकारी शिक्षणखात्याच्या नांवें करून दिलेली असे. त्यामुळें ज्यांनीं ती घामानें बांधली त्यांची तिच्यावर मालकी नव्हती. कांहीं इमारती विकल्या गेल्या, कांहींत गवत भरलें गेलें, पुष्कळ कोसळल्या. ५,३५७ इमारतींपैकीं आज सुमारें पांचशेंच उरल्या आहेत. २००२ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय वास्तुरक्षण संस्थेनें नाशाच्या वाटेवरील अकरा स्थळांच्या वार्षिक यादींत या शाळांचा समावेश केला, तेव्हां कोठें देशाचें लक्ष तिकडे गेलें. जानेवारी २०२१ मध्यें, यांतील निवडक शाळांचें राष्ट्रीय स्मारक करतां येईल कीं काय याची पाहणी करण्याचा कायदाही झाला.

पण सरकार जागें होण्याच्या कितीतरी आधीं कांहीं गांवें जागीं झालीं होतीं. जॉर्जिया राज्यांत कॅसव्हिल येथील नोबल हिल शाळा १९२३ सालीं बांधली गेली आणि १९५५ सालीं बंद पडली. तेथील माजी विद्यार्थ्यांनीं आणि त्यांच्या घरच्या माणसांनीं ती सावरण्याचा उद्योग आरंभिला, आणि १९८९ सालीं तिचें स्थानिक संग्रहालय म्हणून द्वार उघडलें. व्हर्जिनिया राज्यांतील स्क्रॅबल नांवाच्या वस्तींतील शाळाही अशीच माजी विद्यार्थ्यांच्या खटपटीनें वांचली. २००९ पासून तिच्यांत वृद्ध नागरिकांचें केंद्र आणि इतिहासाचें दालन अशीं दोन्हीं एकाच छपराखालीं आलीं.

अशा उद्योगाचा क्रम कसा असतो तो थोडक्यांत सांगतों. पहिलें काम मालकीचा निवाडा. कागद साफ नसतां केलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या घरावर केलेल्या खर्चासारखी होते. दुसरें काम छप्पर. इमारतीचा खरा शत्रु पाणी. वरून गळती आणि खालून ओल. भिंतींना रंग देण्याचा उत्साह पुष्कळांना असतो, पण छप्पर गळतें ठेवून रंग देणें म्हणजे पैसा पावसांत टाकणें. खालचे खांब सांवरतांना मधल्या मोकळ्या जागा सिमेंटनें बुजविण्याचा मोह होतो. तसें केल्यास वारा कोंडतो, ओल धरते, आणि वाळवीला आयतेंच आमंत्रण मिळतें. तिसरें काम मूळ रूपाचा शोध. पुढच्या काळांत अनेक शाळांत खालून खोटें छत बसविलें गेलें, उंच खिडक्या फळ्या ठोकून बंद करण्यांत आल्या. मूळ रूप कसें होतें हें अदमासानें ठरवावें लागत नाहीं, कारण छापील नकाशे उपलब्ध आहेत आणि निधीनें ठेवलेलीं शाळांचीं नोंदपत्रें, छायाचित्रांसह, नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठांत सुरक्षित आहेत. जुन्या रंगाचे थर हळूहळू खरवडले कीं पहिला रंगही हातीं लागतो. आणि चौथें काम नियम म्हणून पाळावयाचें : जें दुरुस्त होऊं शकतें तें बदलूं नये. मुलांच्या पायांनीं झिजलेला उंबरठा काढून नवा गुळगुळीत उंबरठा बसविला, तर इमारत नीटनेटकी होईल; पण ज्यासाठीं ती राखली तेंच निघून जाईल.

यानंतर आंतील वस्तु. येथें एक धोका सांगितला पाहिजे. जुने बांक, दौती, घंटा मांडून ठेवल्या कीं पाहणाऱ्याला गोड वाटतें; ‘काय साधे, सुखाचे दिवस होते ते!’ असा उद्गार निघतो. ते दिवस साधे होते, पण सुखाचे नव्हते. म्हणून या संग्रहालयांत एखादें जुनें पाठ्यपुस्तक ठेवतात तेव्हां तें उघडून ठेवणें योग्य. गोऱ्यांच्या शाळेंत वापरून फाटलेलीं पुस्तकें या मुलांच्या वांट्याला येत. पहिल्या पानावर दुसऱ्याच मुलांचीं नांवें असत. तें एक पान पाहणाऱ्याला जें समजावून देतें तें लांबलचक फलकानें समजत नाहीं.

उलट दुसराही धोका आहे. सर्व भर अन्यायावर दिला तर शाळा म्हणजे केवळ दैन्याची खूण ठरते, आणि तेथें शिकलेल्या वृद्धांना तें पटत नाहीं. त्या शाळेंतील शिक्षिकेनें आपणांस हाताला धरून कसें शिकविलें, हें ते कृतज्ञतेनें सांगतात. त्यांचें प्रेमही खरें आणि तो अन्यायही खरा. वर्णभेद नसता तर ही शाळा वेगळी बांधण्याची वेळच येती ना. आणि या लोकांचा निर्धार नसता तर वर्णभेदाच्या काळांत ती उभीच राहती ना. चांगलें संग्रहालय या दोन वाक्यांपैकीं एकही गाळीत नाहीं. दात्याचें चित्र भिंतीवर जरूर असावें; पण त्याच्या शेजारीं जमाखर्चही असावा, म्हणजे नांव न राहिलेल्या दात्यांची ओळख पटेल.

ही ओळख सांगणारे लोक आतां थोडे उरले आहेत. १९५४ सालीं जीं मुलें पहिल्या वर्गांत होतीं तीं आज ऐंशीच्या घरांत आहेत. म्हणून छप्पर शाकारण्याच्या जोडीनेंच त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचें काम चालतें. छप्पर पुढच्या वर्षीं घालतां येईल; आठवणीचें तसें नाहीं.

राहिला खर्चाचा प्रश्न. खेड्यांतील संग्रहालयास प्रेक्षक थोडे, तिकिटाचें उत्पन्न नाममात्र. जें घर वर्षांतून दोन दिवस उघडतें त्याला लवकरच कोळिष्टकें धरतात. यावर उपाय एकच, तें घर वापरांत ठेवणें. एका खोलींत जुना वर्ग, दुसरींत वाचनालय किंवा सभा, अशी वांटणी केली तर त्यांत मूळ हेतूचा भंग होत नाहीं. हीं शाळागृहें पहिल्यापासूनच रात्रीं गांवाचीं सभागृहें होतीं, हें सरकत्या तावदानावरून आपण पाहिलेंच.

श्रोतेहो, आपल्याकडे पाहिलें तर या गोष्टीचें महत्त्व अधिकच पटतें. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा ज्या भिडे वाड्यांत सुरू केली, तो वाडा दीर्घकाळ जीर्णावस्थेंत राहिला आणि अखेर डिसेंबर २०२३ मध्यें राष्ट्रीय स्मारकासाठीं पाडण्यांत आला. स्मारक नवें बांधतां येतें. पण त्या मुली ज्या पायऱ्या चढल्या त्या पायऱ्या पुन्हा घडवितां येत नाहींत. याच्या उलट साताऱ्याचें उदाहरण घ्या. तेथील शाळेच्या नोंदवहींत ७ नोव्हेंबर १९०० या दिवशीं भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचें नांव दाखल झालें. कारकुनानें नेहमींच्या हातानें लिहिलेली ती एक ओळ. ती वही कोणीं रद्दींत घातली नाहीं, म्हणून आज तो दिवस महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळतां येतो.

आपल्या खेड्यापाड्यांतही शंभरी उलटलेल्या शाळा आहेत. नव्या वर्गखोल्या झाल्या म्हणजे कौलारू जुनी शाळा मोडकळीस येते आणि तिच्या कपाटांतील दप्तर उंदरांच्या स्वाधीन होतें. प्रत्येक जुन्या शाळेचें संग्रहालय व्हावें असें कोणी म्हणणार नाहीं. तें शक्यही नाहीं आणि इष्टही नाहीं. परंतु जेथें गांवाची इच्छा आहे तेथें आरंभ गवंड्यापासून करूं नये. आरंभ नोंदवही, हजेरीपट आणि तपासनिसाचें शेरेबुक यांपासून करावा. जागा कोणीं दिली, भिंतींचे दगड कोणीं वाहिले, पहिल्या वर्षीं किती मुलें आलीं, मुली केव्हां येऊं लागल्या, कोणाला वर्गाबाहेर बसावें लागलें आणि तें कधीं थांबलें, हें गांवांतील वयोवृद्धांना विचारून लिहून काढावें. यांतील कांहीं उत्तरें अभिमानाचीं निघतील, कांहीं खाली मान घालावयास लावणारीं. दोन्हीं लिहावींत. तें टिपण तयार झालें म्हणजे संग्रहालयाचा अर्धा भाग झाला असें समजावें. मग उरलेला अर्धा भाग, म्हणजे छप्पर, भिंती आणि खिडक्या, कशासाठीं जपावयाच्या हें गांवाला निराळें सांगावें लागणार नाहीं.